एका उदबत्तीपुरतं

मालन गेल्यापासून काशीरामच्या घरात उदबत्त्या फार जळू लागल्या. पूर्वी एक पुडा पंधरा दिवस पुरायचा. आता तिसऱ्या दिवशी पोरगी सांगायची, "बाबा, उदबत्ती संपली." दुकानदाराने एकदा विचारलंसुद्धा, "काशीराम, घरात देऊळ बांधलंस काय रे?" काशीरामने पैसे मोजले. पुडा खिशात घातला आणि पाखाडीच्या पायऱ्या चढून घरी आला. पोर आईच्या फोटोपुढे लावते, त्याला वाटलं. लावू दे.

मनस्वी सातवी होऊन आठवीत गेली होती. मे महिना होता, शाळेला सुट्टी. काशीराम आप्पांच्या बागेत गडी होता, वीस वर्षं. सकाळी सहाला बाहेर पडायचा. आंब्याचे दिवस, त्यामुळे घरी यायला सात तरी वाजायचे. मधले तेरा तास पोरगी घरात एकटी असायची. भात करून ठेवायची, कोंबड्यांना बघायची, पाणी भरायची. बाकीच्या वेळात ती काय करते हे त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारायला अंगात बळ उरत नव्हतं.

मालनला भातकापणीच्या दिवसांत ताप भरला आणि पाचव्या दिवशी ती गेली. एवढंच झालं. त्यापलीकडे काशीराम कुणाशी जास्त बोलला नाही. ती गेली आणि तिच्या हाताखालचं सगळं तसंच राहिलं. चुलीजवळची फुंकणी, दारापुढच्या खळ्यात वाळत घातलेलं सूप, आणि फडताळातला मोबाईल.

मोबाईल तिचाच. शाळा बंद पडल्या होत्या त्या वर्षी पोरीच्या अभ्यासासाठी घेतलेला. शाळा सुरू झाल्या तरी पोरीचं लक्ष मोबाईलमध्येच राहिलं. वर्षभर मायलेकींची रोज भांडणं. "पाच मिनिटं", "आत्ताच घेतला", "तुझं घड्याळ पुढं आहे." मग मालनने एक नेम काढला. दिवेलागणीला देवापुढे एक उदबत्ती लावायची. ती जळते तोवर मोबाईल मनस्वीच्या हातात. शेवटची राख पडली की मोबाईल फडताळात.

"घड्याळाशी हुज्जत घालते," मालन म्हणाली होती. "उदबत्तीशी काय घालणार हाय?"

खरंच भांडणं थांबली. वाडीतल्या दोन-तीन बायकांनीही तो नेम उचलला. त्या गमतीने विचारायच्या, "मालन, आज तुझ्याकडे जाडी उदबत्ती की बारीक?"

मालन गेल्यावर नेम तसाच राहिला. दुसरं काही काशीरामला सुचलंच नाही. तो संध्याकाळी उंबऱ्यात पाय ठेवायचा तेव्हा मनस्वी भिंतीला टेकून मोबाईल बघत असायची आणि मालनच्या फोटोपुढे उदबत्ती धुरत असायची.

"कधी लावलीस गो?"

"आत्ताच, बाबा."

उदबत्ती अर्ध्याहून जास्त उरलेली दिसायची. म्हणजे आत्ताच. तो मागच्या दारी जाऊन हातापायाला खोबरेल चोळायचा. आंबा देठातून तुटला की चीक उडतो, लागेल तिथे कातडी जळते. त्याच्या मानेवर, कोपरांवर काळे डाग पडले होते. मालन असताना ती पाठीला तेल लावायची. आता पाठीवरचे डाग तसेच राहायचे. रात्री उताणं झोपता यायचं नाही.

*

बागेच्या खालच्या अंगाला आंबे भरायची शेड होती. तिथे बायका आंबा निवडायच्या, पेंढा घालून पेट्या भरायच्या. गंगुबाई त्यांच्यातली सगळ्यांत जुनी. पासष्टी उलटलेली, तोंड फटकळ, पण हात असा की बोट लावून आंब्याच्या पोटातलं सांगेल.

एका दुपारी काशीराम क्रेट खांद्यावरून उतरवत होता. बायकांत कुणाच्या तरी सुनेचं बोलणं चाललं होतं, सासू मेल्यावर वर्षश्राद्धसुद्धा विसरली म्हणून. काशीराम सहज बोलून गेला, "आमची मनस्वी बघा. आयशीला विसरली नाय. दिवसाला सात-आठ उदबत्त्या लावते फोटोपुढं."

गंगुबाईचा हात थांबला. "किती?"

"सात-आठ."

"आणि मोबाईल?"

"मोबाईल एकच वेळ. संध्याकाळी. मालनचा नेम हाय ना."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक पदर तोंडाशी नेऊन हसली. मग दुसरी. गंगुबाई हसली नाही. ती म्हणाली, "अरे, नेम काय होता? उदबत्ती जळते तोवर मोबाईल. पोर नेमच पाळते तुझी. सात वेळा पाळते."

काशीराम उभाच राहिला. खांद्यावरचा दुसरा क्रेट त्याने उतरवला नव्हता.  शेडमध्ये हसणं वाढत चाललं, कुणीतरी म्हणालं, "देवाला वाटत असेल, काय भक्त मिळालीय!" त्याने क्रेट खाली ठेवला, आणि आंबे आदळले म्हणून गंगुबाई त्याच्यावर ओरडली. तो वळून परत कलमांकडे चालू लागला.

त्या संध्याकाळी तो घरी येऊन फोटोपुढच्या ताटलीत बघत बसला. जळक्या काड्या मोजल्या. सहा होत्या, सातवी जळत होती.

"ह्या सगळ्या आज लावल्यास?"

मनस्वीने मान डोलावली.

"आणि प्रत्येकीला मोबाईल?"

"उदबत्तीशिवाय नाही घेतला कधी," ती म्हणाली. "एकदासुद्धा नाही. आईची शपथ."

तिला शिक्षा काय करायची हे त्याला कळेना. ती खोटं बोलली नव्हती. त्याने मोबाईल फडताळात ठेवला, काड्या चुलीत घातल्या आणि भात वाढून घेतला. आमटीत मीठ नव्हतं. दोघंही तसंच जेवले.

*

वासंती मालनची धाकटी बहीण, चिपळूणला अंगणवाडीत कामाला. दर रविवारी काशीरामच्या साध्या फोनवर तिचा फोन यायचा. या वेळी ती सरळ मुद्द्यावर आली.

"भावोजी, मनस्वीच्या बाईंनी मला कळवलंय. वर्गात झोपायची म्हणे. गणितात कशीबशी सुटली. तुम्ही दिवसभर बाहेर. मुलगी वाढतेय."

"मग काय म्हणतेस?"

"म्हणते काय? मी घेऊन जाते. इकडच्या शाळेत घालते. आंबा आवरत आला की मी येते. तिचे कपडे तयार ठेवा."

"बघू," काशीराम म्हणाला.

"बघू नका. मी बघायला येणार आहे. घर नीट दिसलं, पोर नीट दिसली तर ठेवीन. नाहीतर नेईन. ताई असती तर तिनेही हेच केलं असतं."

फोन ठेवून तो खळ्यात बसून राहिला. घर आणखी रिकामं होईल हे त्याच्या मनात येत होतं, पण तो तिथवर विचार नेत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मनस्वीला उठवलं. "चल माझ्याबरोबर. घरात नको बसूस."

बागेत वानरं येत होती. वरच्या कातळी सड्यावरून टोळी उतरायची आणि दहा मिनिटांत एक कलम ओरबाडून जायची. त्याने मनस्वीला वरच्या अंगाला, दगडी गडग्याजवळ सावलीत बसवलं, हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी दिली. "वानर दिसलं की बडव. बाकी काय करू नको."

दोन दिवस तिने डबा बडवला. हाताला घट्टे आले. उन्हाने तोंड काळवंडलं. ती तक्रार करत नव्हती, बोलतही नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी भाकर खाताना तिने विचारलं, "बाबा, आज एक?"

त्याने मोबाईल बरोबर आणला होता. बंद घरात ठेवायची भीती वाटत होती. उदबत्तीचा पुडाही खिशात होता, सकाळीच दुकानातून घेतलेला. त्याने उरलेली भाकर खाऊन टाकली. मग त्याने एक उदबत्ती काढली, पेटवली आणि गडग्याच्या दोन चिऱ्यांच्या फटीत खोचली. पुडा आणि काड्यापेटी तिथेच दगडावर राहिली.

"एक," तो म्हणाला. "मग डबा."

"हो."

तो झेला घेऊन खालच्या कलमावर चढला. लांब बांबू वर न्यायचा, आंबा जाळीत घ्यायचा, देठाला हिसका द्यायचा, बांबू खाली. पुन्हा वर. मान अवघडली की दुसऱ्या फांदीवर पाय. तीन वाजून गेले तसा समुद्राकडून वारा सुटला. तो बरं वाटून क्षणभर थांबला आणि वरच्या अंगाला बघितलं. धूर होता.

कसा उतरला ते त्याला नंतर आठवलं नाही. गुडघा सोलला. पळत वर आला तर गडग्याच्या पलीकडच्या वाळल्या गवताने पेट घेतला होता. आग लहान होती, पण वारा तिला बागेत ढकलत होता. मनस्वी हातात ओली फांदी घेऊन झोडत होती, रडत नव्हती, तोंड मात्र उघडं पडलं होतं. त्याने तिला मागे ओढलं, सदरा काढला, पाण्याच्या कळशीत बुडवला आणि आगीवर आपटत राहिला. खालून दोन गडी धावत आले. अर्ध्या तासाने आग विझली. तीन लहान कलमं होरपळून काळी पडली. मनस्वीच्या उजव्या हाताला तळव्यावर फोड आला होता.

"बाबा, दुसरी लावली होती," ती हळूच म्हणाली. "पहिली संपली म्हणून. फटीत नीट बसली नाही, वाऱ्याने पडली."

"गप्प," काशीराम म्हणाला. आप्पा येताना दिसत होते.

*

आप्पा सत्तरीचे. धोतर हातात धरून चढ चढून आले, तिथे दम खात उभे राहिले. जळकं गवत बघितलं. लहान कलमांपाशी गेले. ती त्यांनी स्वतः बांधली होती, दोन वर्षांपूर्वी. एकाला हात लावला, पानं हातात चुरली. मग त्यांनी काठीने दगडावरची काड्यापेटी ढोसली. पुडा कुठे दिसत नव्हता, वाऱ्याने गवतात पडून जळून गेला होता.

"ही कुणाची?"

"माझी," काशीराम म्हणाला.

"विडी?"

काशीरामने मनस्वीकडे बघितलं नाही. "हो."

"सोडली होतीस ना रे? ही पोर झाली तेव्हा. मालनने माझ्यासमोर तुझ्याकडून शपथ घेतली होती."

"हो."

"बायको गेली म्हणून परत धरलीस?"

 खालून शेडमधल्या बायकाही येऊन उभ्या होत्या. गंगुबाईने तोंडावर हात ठेवला होता.

"वीस वर्षांत तुला कधी बोललो का मी?" आप्पांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "बागेत आग! मे महिन्यात! बाहेरच्या कुणी केलं असतं तर मी समजलो असतो." ते वळले. "उद्यापासून बागेत शिरताना खिसे दाखवायचे. सगळ्यांनी नाही. काशीरामने."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी आप्पा खुर्ची टाकून बसले होते. काशीरामने खिसे उलटे केले. चुन्याची डबी, रुमाल आणि मनस्वीचा केसांचा एक चाप निघाला. चाप कधी खिशात गेला होता त्यालाही माहीत नव्हतं. आप्पांनी तो बघितला आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. "जा," म्हणाले. त्याच्या मागून येणारे दोघे गडी खाली बघत फाटकातून आत गेले.

पुढचे दोन दिवस असंच झालं. घरी मनस्वी हाताला तूप लावून बसायची. मोबाईल फडताळातच होता. काशीरामने ठेवला नव्हता, तिनेच ठेवला होता.  एका संध्याकाळी तिने फक्त विचारलं, "आप्पांना खरं सांगू?"

"नको."

"का?"

"हात बरा झाला तरी तुला बागेत येऊ देणार नायत. मग तू कुठं बसशील दिवसभर?" त्याने पाठ तिच्याकडे केली. "तेल लाव जरा. डाव्या हाताने लाव."

*

वासंती आगीनंतर चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीने आली. खांद्याला एक पर्स आणि हातात घडी घातलेली मोठी रिकामी पिशवी. ती पिशवी काशीरामने आधी बघितली. तिने ती पडवीत खुंटीला अडकवली, पाणी प्याली आणि घरभर फिरून आली. चूल, मोरी, फडताळ, अंथरुणं. मनस्वीला जवळ ओढून तिचा हात उलटा करून बघितला.

"हे कसं झालं?"

"बागेत जाळ लागला," काशीराम म्हणाला.

"ते मला खाली थांब्यावरच कळलं. गंगुबाई भेटली. कशाने लागला तेही कळलं." वासंती खाली बसली. तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं, पण आवाज कडक होता. "भावोजी, ताईने विडी सोडवायला तुमच्याशी दोन महिने अबोला धरला होता. पोरीच्या छातीत धूर नको म्हणून. आणि तुम्ही पोरीला शेजारी बसवून... तिचा हात जळला. आता मी विचारत नाही. मनस्वी, तुझे कपडे बाहेर काढ. पिशवीत भर."

मनस्वी उठली नाही.

"ऐकलंस ना?"

"बाबांनी विडी नाही ओढली," मनस्वी म्हणाली.

"मनस्वी," काशीराम म्हणाला.

"नाही ओढली. उदबत्ती होती. एक बाबांनी लावली, दुसरी मी. माझ्या उदबत्तीने पेटलं."

"उदबत्ती? बागेत? कुठल्या देवाला?"

"मोबाईलला."

वासंतीने काशीरामकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. तिला मालनचा नेम माहीत होता. मालनने फोनवर हसत सांगितला होता, आणि तिने चिपळूणच्या चार बायकांना सांगितला होता.

"ताई एकच लावायची," ती हळू म्हणाली.

"हो."

"मग तू किती लावतेस?"

"सात. कधी आठ."

"का गो?"

मनस्वी फोडावरची निघालेली कातडी ओढत बसली.  बाहेर कोंबडी ओरडत होती.

"आई बाजूला बसायची," ती शेवटी म्हणाली. "तांदूळ निवडायची, नाहीतर शिवायची. उदबत्ती संपली की म्हणायची, सांग, काय काय बघितलंस. मी सांगायची. सांगता सांगता जेवायला वाढायची. मोबाईल कुठे ठेवला ते कळायचंच नाही." तिने फोटोकडे बघितलं नाही. "आता संपली की काहीच नसतं. मग मी दुसरी लावते."

काशीराम उठून मागच्या दारी गेला. त्याला दिवेलागणीच्या त्या वेळा आठवल्या. तेव्हा तो खळ्यात पाय पसरून बसलेला असायचा, नाहीतर आंघोळीला गेलेला. आतून दोघींचं बोलणं ऐकू यायचं. त्याने कधी कान दिला नव्हता. नेम उदबत्तीचा आहे असंच त्याने धरलं होतं. त्याने तोंडावर पाणी मारलं आणि परत आला.

वासंती पिशवीची घडी पुन्हा घालत होती. मग तिने ती उलगडली.

"रिकामी कशी नेऊ," ती म्हणाली. "मागच्या दारचा रायवळ आंबा पडलाय ना खाली? तो भरते. आमच्याकडे रस होईल." आणि काशीरामकडे न बघता: "शाळा जूनच्या मध्यावर उघडते. त्याच्या आधी येईन मी. तोवर बघा."

"हो."

"बघा म्हणजे नुसतं बघू नका, भावोजी."

"हो गो."

दुपारच्या एसटीला तिला सोडून तो तसाच बागेत गेला. अर्धा दिवस बुडाला होता. फाटकाशी आप्पा होतेच. त्याने एक खिसा उलटा केला. आप्पा म्हणाले, "पुरे." त्याने तरी दुसरा खिसाही उलटा करून दाखवला आणि आत गेला.

*

संध्याकाळी तो सात वाजता आला. हात धुतले, तेल लावलं. चुलीवर भात शिजत होता. मनस्वी भिंतीला टेकून बसली होती, मोबाईल हातात नव्हता. फोटोपुढची ताटली रिकामी होती.

"आज नाय लावलीस?"

"पुडा जळला."

तो उठला. देवाच्या फळीवर मालनने ठेवलेला एक जुना पुडा होता, त्यात तीनच काड्या उरल्या होत्या, सादळलेल्या. त्याने एक काढली. दोनदा विझली, तिसऱ्यांदा धरली. फोटोपुढे खोचली. फडताळातून मोबाईल काढून त्याने मनस्वीच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या बाजूला भिंतीला टेकून बसला. हातात काहीतरी हवं म्हणून त्याने तांदळाचं सूप ओढलं. तांदूळ निवडता येत नव्हते, दिव्याच्या उजेडात खडा आणि कणी सारखीच दिसत होती. तरी तो बोटं फिरवत राहिला.

डोळे मिटत होते. मान खाली गेली की तो दचकून सरळ बसायचा. मोबाईलमधून पाणी मारल्यासारखा आवाज येत होता, ब्रश घासल्यासारखा. सादळलेली काडी हळू जळत होती, नेहमीपेक्षा हळू. मधेच त्याला वाटलं ती विझली. नव्हती विझली. मग केव्हातरी त्याला खरंच झोप लागली. सूप मांडीवर कललं आणि मूठभर तांदूळ जमिनीवर सांडले.

"बाबा," मनस्वीने त्याला हलवलं. "संपली."

त्याने ताटलीत बघितलं. राख पडली होती.

"हो," तो म्हणाला.  पुढचं काय म्हणायचं ते त्याला ठाऊक होतं, पण ते मालनचं वाक्य होतं. तोंडातून निघायला वेळ लागला. "सांग. काय बघितलंस?"

मनस्वी सांडलेले तांदूळ डाव्या हाताने गोळा करत होती. "गालिचे धुतात."

"काय?"

"मोठे गालिचे. कुठल्यातरी देशातले. इतके मळलेले असतात की रंगच दिसत नाही. चिखल, काळं पाणी. मग माणूस पाणी मारतो, फेस करतो, घासतो. परत पाणी. परत घासतो. कितीतरी वेळ काळंच पाणी येतं."

"एवढंच?"

"मग शेवटी पांढरं पाणी येतं. आणि खाली फुलं दिसतात. निळी. ती आधीपासून असतात त्यात, फक्त दिसत नसतात."

काशीराम ऐकत होता. गंगुबाई बोलल्यापासून ही पोर काय बघते याची त्याला धास्ती होती. दिवसभर, सात सात उदबत्त्या, ती गालिचे धुतलेले बघत होती.

"मग?" त्याने विचारलं.

"मग दुसरा गालिचा येतो."

तिचा दुखरा उजवा हात मोबाईलवरच होता. चुलीवर भात लागल्याचा वास आला. काशीरामने गुडघ्यावर हात टेकला आणि उठला, सगळं अंग दुखत होतं. मोबाईल त्याने मागितला नाही, फक्त हात पुढे केला. तिने तो त्याच्या हातात ठेवला.

"दुसरा उद्या," तो म्हणाला. "ताटं घे."